एक्केचाळिसावा जोड

मी एक जुना लाकडी ग्लायडर आहे. मला इंजिन नाही, पंखा नाही. तरीही मी ढगांच्या पोटाशी जाऊन आलो आहे. विश्वास बसत नाही ना, मित्रांनो? खरं सांगू, अजून माझाही बसत नाही.

मला घडवलं एका मिस्त्रींनी. त्यांचं काम खुर्च्या-कपाटांचं. आपली खुर्ची कधी कुरकुरत नाही, याचा त्यांना मनातून भारी अभिमान. त्यांची धाकटी बहीण तंबूंच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिला उडण्याचं वेड! दुसऱ्यांच्या ग्लायडरमध्ये बसून ती शिकली, परवाना मिळवला, आणि एक दिवस दादाकडे हट्ट धरून बसली की तिला स्वतःचा ग्लायडर हवा. मिस्त्री आधी पोट धरून हसले. मग आराखडे आणून त्यांनी भिंतीवर लावले.

पाच वर्षं माझं काम चाललं. मिस्त्रींनी पातळ लाकडाच्या फासळ्या तासल्या, पंखातून आडवी जाणारी लांब तुळई जोडली. बहिणीने वरून कापड चढवून ते हाताने शिवलं. तिचा टाका इतका सरळ की पट्टी लावून बघावी.

मिस्त्रींची एक रीत होती. सरसाने एखादा जोड चिकटवला की त्याच भांड्यातल्या सरसाने दोन छोट्या पट्ट्याही एकमेकींना चिकटवायच्या आणि वर पेन्सिलने जोडाचा क्रमांक घालायचा. दुसऱ्या दिवशी त्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून हातोडीने फोडायच्या. लाकूड तुटलं तर जोड पक्का. सरस सुटला तर जोड कच्चा. नमुना फोडल्याशिवाय ते पुढच्या कामाला हात लावत नसत.

पण एका गारठलेल्या सकाळी नमुना सापडेना. मिस्त्रींनी टेबलाखाली पाहिलं, भुसा चाळला. आजवर चाळीस पक्के निघाले, हाही निघेल, असं पुटपुटत त्यांनी माझा डावा पंख बंद केला. तो जोड तुळईचा होता, पंख धडाला मिळतो तिथला, अगदी बुंध्याशी. उडताना सगळा भार तिथेच येतो.

पुढे माझ्या पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मिस्त्रींनी जुन्या कोटाच्या खिशात पेन्सिल शोधली, तर हाती आला तो नमुना. क्रमांक एक्केचाळीस. त्यांनी तो व्हाइसमध्ये धरला आणि हातोडी मारली. दोन्ही पट्ट्या अलगद वेगळ्या झाल्या. लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता.

उद्या याच पंखाच्या भरवशावर त्यांची बहीण उडणार होती. मला वाटलं, आता ती आली की सगळं सांगतील. ती आली, उद्यासाठी उडण्याची टोपी आणि चष्मा हातात घेऊनच आली. मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "या वर्षी नको. माझं मन धजत नाही."

"दादा, तुझं मन कधीच धजणार नाही," ती म्हणाली. "तुला मला जन्मभर खुर्चीवरच बसवून ठेवायचंय."

ती गेली आणि वर्षभर तिने कार्यशाळेचं तोंड पाहिलं नाही. मिस्त्री मूग गिळून बसले. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला कुठली जीभ?

त्यांनी तिचे सरळ टाके उसवले, पंख उघडला, जोड कापून काढला आणि पुन्हा केला. शेवटी कापड स्वतःच शिवलं. काय ते टाके! दारू प्यालेली मुंगी चालावी तसे. पुढच्या वर्षी मिस्त्रींनी निरोप धाडून बहिणीला बोलावलं; ते टाके बघून तिने भुवया उंचावल्या, तेव्हा उंदराने कुरतडलं होतं, अशी थाप त्यांनी ठोकून दिली.

आणि मग मी उडालो! गाडीने दोरखंड बांधून मला खेचलं, चाक जमिनीवरून सुटलं, वर गेल्यावर दोरखंडही सुटला, आणि सगळीकडे शांतता झाली. एवढी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. समोर दोन घारी पंख न हलवता घिरट्या घालत होत्या. बहिणीने मला त्यांच्यामागे वळवलं. तापलेल्या शेतांवरून चढणाऱ्या ऊन हवेने मला खालून उचललं, लहान मुलाला उचलावं तसं अलगद. मैदान रुमालाएवढं झालं. माझी प्रत्येक फासळी थरारत होती. बहीण आधी हसली, मग रडली. खाली एक ठिपका मान वर करून उभा होता, आम्ही उतरेपर्यंत.

अशी पस्तीस वर्षं आम्ही उडालो. मग मिस्त्री वारले. गुळगुळीत, पांढरे, नव्या जमान्याचे ग्लायडर आले. मला शेडच्या छताला टांगलं. धुळीने कापड विरलं, आणि शेवटी मला मोडीत काढायचं ठरलं. तेव्हा बहीण, आता पिकल्या केसांची आजी झालेली, काठी टेकत आली आणि आधी तपासा म्हणून अडून बसली.

तपासनीस बाईंना ते वाकडे टाके खटकले. त्यांनी नेमका तिथेच पंख उघडला, आत विजेरी धरली आणि आजींना जवळ बोलावलं. तुळईवर पेन्सिलने लिहिलेलं होतं:

"जोड ४१. माझ्या घाईने कच्चा राहिला होता. कापून पुन्हा केला. नमुने तीन फोडले, तिन्ही वेळा लाकूड तुटलं. चिमणे, तुला सांगायची हिंमत झाली नाही."

तपासनीस बाईंनी जोड ठोकून पाहिला, भिंग लावून पाहिला. तो अजून पक्का होता. आजी मात्र त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "उंदीर म्हणे," त्या एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, हातून चूक झाली तर ती उघडा आणि पुन्हा नीट करा. पण आपल्या माणसाला सांगूनही टाका. एवढी वर्षं ते पंखात कोंडून ठेवू नका. आणि जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी एकदा तिच्या आत डोकावून बघा.

आता मला नवं कापड चढलंय. ते आजींनीच शिवलं, पट्टी लावून बघावी अशा सरळ टाक्यांनी. फक्त डाव्या पंखाच्या बुंध्याशी वीतभर टाके त्यांनी मुद्दाम वाकडे घातले आहेत.