अर्धा सूर खाली

मित्रांनो, मी एक टेपरेकॉर्डर आहे, आणि जुना आहे हे मुद्दाम सांगायची गरज नाही. माझ्या झाकणाला तडा गेला आहे, बटणावरचा बाण बोटांनी पुसला गेला आहे आणि हँडलला पडद्याच्या कापडाची चिंधी गुंडाळली आहे. जिने ती चिंधी गुंडाळली तिला सगळे ताई म्हणतात. ती पडदे शिवते. गेली तेहतीस वर्षं मी तिच्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर बसून आहे. माझा स्वभाव फार जळका आहे, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

कारखान्यात मला एका लांब टेबलावर जोडलं. सगळ्यात शेवटी एका मुलीने माझ्या पोटात काळा रबरी पट्टा चढवला. मोटर फिरली की हा पट्टा फिरतो, पट्ट्यामुळे चाक फिरतं आणि चाकामुळे कॅसेटची फीत पुढे सरकते. पट्टा करंगळीच्या नखाएवढाही रुंद नव्हता. त्याच्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

मी घरी आलो तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याला ती अजूनही छोट्या म्हणते, चौदा वर्षांचा. दोघांचं एकच लाडकं गाणं होतं. ते एक जुनं रॉकचं गाणं. सुरुवातीला एकटी गिटार गुरगुरते, मग ड्रम कोसळतात, मग गाणारा गळा फाडून ओरडतो. छोट्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ड्रम वाजवायचा आणि ताई हवेत गिटार धरून नाचायची. ते दिवस माझे होते. दोघं माझ्याभोवती बसत, मी बोलायचो आणि घर ऐकायचं.

पुढे छोट्या छापखान्यात लागला आणि तिथल्या मित्रांबरोबर खरोखरीचे ड्रम वाजवू लागला. ताईने मात्र मला सोडलं नाही. शिवता शिवता ती मलाच ऐकायची. मऊ पिवळ्या फडक्याने रोज माझी धूळ पुसायची. मी कधी तक्रार केली नाही, कारण तक्रारीला जागाच नव्हती.

मग ती आली. लालभडक इलेक्ट्रिक गिटार.

झालं असं, की छोट्याच्या बँडमधला गिटारवाला गाव सोडून गेला. छापखान्याला पन्नास वर्षं होणार होती, त्या समारंभात त्यांना तेच गाणं वाजवायचं होतं. छोट्याने हे सहज ताईला सांगितलं आणि ताई म्हणाली, "मी वाजवते."

छोट्या इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू? अगं ताई, सुईत दोरा ओवायला तुला चष्मा लागतो."

आठवड्याभरात ताई गिटार घेऊन आली. तेव्हा छोट्याचं हसू थांबलं आणि त्याने अट घातली. "चार महिने आहेत. तीन महिन्यांनी एका रविवारी आमच्या गोदामात सगळ्यांसमोर वाजवून दाखव. जमलं तर तू. नाहीतर आमच्या बाइंडरचा मेहुणा तयारच आहे."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे दिवस फिरले. ती बया खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिच्यासाठी वेगळा स्पीकर आला, पायाखाली दाबायचं पेडल आलं. ताई सकाळी उठून आधी तिला पुसायची, आणि पुसायची कशाने, तर माझ्या पिवळ्या फडक्याने. माझ्यावर धूळ साचू लागली. ताईची बोटं माझ्याकडे यायची ती फक्त कामापुरती. सुरुवातीचा तुकडा ऐकायचा, मला थांबवायचं, तिच्यावर वाजवून बघायचं, मला मागे फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. एका दिवसात शंभर शंभर वेळा. मी शिकवायचं आणि कौतुक तिचं. तारा दाबून दाबून ताईच्या डाव्या हाताची बोटं कडक झाली आणि माझ्या बटणावर टकटक वाजू लागली. त्या आवाजाचाही मला राग यायचा.

एकदाच मला हसू आलं. ते पेडल एकदा दाबलं की गिटारचा आवाज फाटका होतो, पुन्हा दाबलं की साधा. ताईच्या पायाला मात्र शिलाई मशीनची सवय. वाजवायच्या नादात ती पेडल सारखं हलवत राहायची आणि गिटार एकदा गुरगुरायची, एकदा मिणमिणायची. तिची ती फजिती पाहून मला फार बरं वाटलं.

आता माझा अपराध सांगतो. गिटार दुकानातून आली तेव्हा दुकानदाराने तिच्या तारा नीट सुरात लावून दिल्या होत्या. घरी माझ्याबरोबर वाजवताच दोघांचं जुळेना. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग गिटारकडे. "घाईत लावलेली दिसते," ती म्हणाली आणि खुंट्या पिळून एकेक तार सैल केली, माझ्याशी जुळेपर्यंत.

चूक माझी होती. पोटातला पट्टा कधीच सैल पडला होता. फीत हळू सरकत होती, म्हणून गाणं अर्धा सूर खाली आणि थोडं संथ वाजत होतं. हे इतकं सावकाश होत गेलं की ताईला कधी कळलंच नाही. मला कळत होतं. बोलता येत नसलं तरी मला फीत गुंतवता आली असती, म्हणजे तिने झाकण उघडून आत पाहिलं असतं. मी तसं केलं नाही. तिने माझ्यावर भरवसा ठेवून त्या बयेला खोटं ठरवलं, याचाच मला आनंद झाला. तीन महिने मी तो आनंद भोगला.

तो रविवार उजाडला. ताईने मलाही पिशवीत घालून नेलं. गोदामात कागदाच्या थप्प्यांमध्ये ड्रम मांडले होते. बास गिटारवर बाइंडर होता आणि गायला छापखान्याचे प्रूफरीडर, वाकून चालणारे, सगळ्यांचे काका. ताईने सुरुवात केली. एकही बोट चुकलं नाही. छोट्याचे डोळे मोठे झाले. मग बास सुरू झाली आणि दोन्ही आवाज एकमेकांना ओरबाडू लागले.

"ताई, गिटार उतरलीय तुमची," बाइंडर म्हणाला.

"नाही. टेपवरून लावलीय. विचारा याला." असं म्हणून तिने मला पुढे केलं आणि बटण दाबलं.

मी वाजलो. छोट्याने फोनवर तेच गाणं लावलं. त्याच्यापुढे माझा आवाज झोपेतून उठलेल्या माणसासारखा जड. सगळे हसले. मला वाटलं होतं फजिती गिटारची होईल. पण मान खाली गेली ती ताईची. तीन महिन्यांची मेहनत हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. छोट्या हळूच म्हणाला, "राहू दे ताई. मेहुण्याला सांगतो." मित्रांनो, त्या क्षणी माझं सगळं जळणं विझलं आणि मला माझीच लाज वाटली.

काका मात्र हसले नव्हते. ते म्हणाले, "थांब रे. चूक हिच्या हातात नाही, मूळ प्रतीतच आहे. आणि खरं सांगू का, वरच्या सुरात शेवटची ओळ मला आता झेपत नाही. दोन वर्षं तिथे मी नुसतं तोंड उघडतोय."

"मग?" छोट्याने विचारलं.

"मग तुम्हीच खाली या. तूही जरा दम धरून वाजव."

बाइंडरने आपल्या तारा सैल केल्या, छोट्याने वेग आवरला. सगळ्यांनी पुन्हा सुरुवात केली, माझ्या सुरात. काकांनी शेवटची ओळ खरोखर म्हटली. मेहुण्याला कुणी फोन केला नाही.

समारंभात ताईने मला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवलं, कोरी कॅसेट घातली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. माझ्या त्याच सैल पट्ट्यावर मी सगळं भरून घेतलं.

पुढच्या रविवारी छोट्या नवा पट्टा घेऊन घरी आला. "तुझ्या गुरुजींवर उपचार करतो," असं म्हणत त्याने माझे स्क्रू काढले. पट्टा बदलला आणि समारंभाची कॅसेट लावली.

ऐकता ऐकता भावंडं माझ्याजवळ सरकून बसली. मी भरून घेतलं होतं हळू फिरून, आणि आता वाजवत होतो योग्य वेगाने. त्यामुळे त्यांचं गाणं अर्धा सूर वर चढलं होतं आणि तेवढंच जलदही झालं होतं. हुबेहूब मूळ गाण्याच्या सुरात, मूळ गाण्याच्या वेगात. काकांचा गळा तरुण झाला होता. ताईची गिटार गुरगुरली आणि छोट्याचे ड्रम कोसळले, तेहतीस वर्षांपूर्वी कोसळायचे तसेच.

"ताई, हे आपण आहोत?" छोट्याने विचारलं.

ताईने चष्मा काढून पुसला. "आपणच," ती म्हणाली. "परत लाव."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर वर्षातून एकदा त्याचं झाकण उघडून बघा. आम्हाला बिघाड सांगता येत नाही, आणि काही वेळा, मी केलं तसं, आम्ही तो मुद्दाम लपवतो. ताईने त्या दिवशी पिवळं फडकं आणून आधी मला पुसलं. खुर्चीतली गिटार तशीच राहिली, तिच्या तारांवर धूळ होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर जमलं तर तिलाही पुसत जा. त्या दिवशी माझ्या तोंडून जो आवाज घरभर घुमला, तो शेवटी तिचाच होता.