शिवणीवर दोनदा

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. वजनाने भारी आणि स्वभावाने तापट. मलावी देशातल्या झोंबा गावी, डोंगराच्या पायथ्याशी एक हॉटेल आहे. तिथेच माझा जन्म गेला. ज्या कारागिराने मला ओतले, त्याने हौसेने माझ्या झाकणावर एक कोंबडाही बसवला होता.

मित्रांनो, तुमच्याकडे इस्त्री चुण्या घालवते. आमच्याकडे ती अंडी मारते. सावलीत वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर आमच्याकडची एक माशी अंडी घालते. ते कपडे तसेच घातले, तर अळी कातडीत शिरते आणि आठ-दहा दिवसांत ठणकणारा फोड उठतो. म्हणून इथे पायमोज्यांनाही इस्त्री लागते. हॉटेलचे कपडे धुणाऱ्या एलुबेआजी तर शिवणीवरून मला दोनदा फिरवत. अंडी शिवणीतच लपतात, असे त्यांचे म्हणणे. पाहुणे चादरींची तारीफ करत आणि मी आतल्या आत फुलून जाई.

मग विजेची इस्त्री आली. चार नंबरच्या खोलीची कडी तुटली होती, तिथे दार उघडू नये म्हणून मला टेकवून ठेवले. हळूहळू सगळेच हॉटेल माझ्यासारखे झाले. नळांना उचक्या लागल्या, खिडकीच्या काचेच्या जागी पुठ्ठा आला. मालक न्यिरेंदासाहेब मनाने वाईट नव्हते, पण प्रत्येक गोष्टीला त्यांचे एकच उत्तर, "पुढच्या महिन्यात बघू." विजेची इस्त्री जळली, तेव्हाही ते हेच म्हणाले; दाराशी पडलेल्या माझी आठवण कोणालाच झाली नाही. चादरी तशाच अंथरल्या जाऊ लागल्या आणि एका पाहुण्याच्या पाठीवर तीन फोड आले. तो आजींना नाही नाही ते बोलून गेला. तेव्हापासून आजी पाहुण्यांच्या नजरेला नजर देत नसत.

अशा त्या चार नंबरच्या खोलीत एके दिवशी अतुपेले उतरली. चार महिन्यांची यांखो तिच्या पाठीला बांधलेली. नोकरी करून सात वर्षे शिकलेल्या अतुपेलेला दुसऱ्या दिवशी दहा वाजता पदवी मिळायची होती. पलंगावर बसली तर तो मधोमध खचला.

"आजी, हे हॉटेल आहे की गोदाम?"

"गोदामात माल नीट ठेवतात गं, बाळा," आजी म्हणाल्या.

प्रवासात यांखोने सगळे लंगोट खराब केले होते. अतुपेलेने ते बादलीत धुऊन आंब्याखालच्या कुंपणावर वाळत टाकले. सकाळी इस्त्री फिरवू, या भरवशावर. रात्री मायलेकी घरून आणलेल्या चादरीवर झोपल्या. सकाळी कळले, इस्त्री नाहीच.

"इस्त्रीसुद्धा नाही? मग पैसे कशाचे घेता?" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "राहू दे ती पदवी. हे मी पोरीला घालणार नाही."

एलुबेआजींची मान खाली गेली. आणि खाली गेली म्हणूनच त्यांना मी दिसले. त्यांनी मला उचलले.

"आजी, ती आता इस्त्री राहिली नाही, दाराचं टेकण आहे," आवाज ऐकून आलेले न्यिरेंदासाहेब म्हणाले.

"मीही म्हातारी झालेय, साहेब. मलाही दाराला लावणार का?"

साहेब मग स्वतःच चुलीपाशी बसून निखारे फुंकू लागले; राखेने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. आजींनी वाळूने माझा तळ घासला, तो सरसर सरकावा म्हणून त्यावर मेणबत्ती घासली. मला फार भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी मी तापेन का? गंज लागेल का पोरीच्या कपड्याला? आजींनी पाण्याचा शिंतोडा मारला. मी चर्र केले.

नऊ लंगोट. प्रत्येकाच्या शिवणीवर दोनदा. शेवटी अतुपेलेचा झगा. पावणेदहाला ती पोरीला पाठीशी बांधून धावत सुटली.

"दहा दिवसांनी फोन कर गं!" आजी मागून ओरडल्या.

ते दहा दिवस आजी नीट जेवल्या नाहीत. एखादी शिवण राहिली असेल तर? मीही तेच म्हणत होते. दहाव्या दिवशी फोन वाजला.

"आजी, तुमच्या साहेबांना सांगा, तो पलंग आधी फेकून द्या. मी काही परत यायची नाही तिथे."

"ते मरू दे. पोरीचं अंग?"

"स्वच्छ आहे, आजी. एक पुटकुळीसुद्धा नाही."

आजींनी फोन ठेवला, पायरीवर बसल्या आणि मला मांडीवर घेऊन पोटभर रडल्या. मग डोळे पुसून हॉटेलच्या सगळ्या चादरी काढल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असे सगळेच सांगतात. माझे मागणे त्याहून साधे आहे. आम्हाला पुसून कपाटात ठेवू नका, कामाला लावा. हात भाजला तर भाजू द्या, थोडी सवय लागते.