अंधार वाळेपर्यंत

माझा थोरला भाऊ अंधार रंगवायचा आणि मी उजेड. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण आमच्या दुकानात माणसांची चित्रं अशीच व्हायची. आधी दादा कॅनव्हाससमोर बसायचा. केस, डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटीखालची सावली, पाठीमागचा काळोख, सगळं त्याचं. मग ब्रश डब्यावर आपटून म्हणायचा, "माझं झालं. ये रे उजेड्या!" मी उठायचो आणि कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा उजळत न्यायचो. सगळ्यात शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका. तो पडला की चित्र बघायला लागायचं. गिऱ्हाईक त्या ठिपक्याचंच कौतुक करायचं आणि मी ते निर्लज्जपणे खिशात घालायचो. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून डोळे किलकिले करायचा. तसं पाहिलं की बारीकसारीक काही दिसत नाही, काळं कुठे आणि पांढरं कुठे तेवढंच उरतं. "डावा गाल फार बडबडतोय, जरा गप्प कर त्याला," एवढंच सांगायचा.

हिवाळ्यात दादा गेला. वहिनीने कायमचं मुलीकडे राहायला जायचं ठरवलं आणि दुकानामागच्या खोल्यांतलं सामान बांधायला काढलं. मी बिनलग्नाचा, म्हणजे तिच्यानंतर घरात मी आणि भिंती. ती म्हणाली, "भाऊजी, जाताना मला यांचं चित्र हवं. फोटो नको. फोटोत ते कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे दिसतात."

नाही कसं म्हणणार? पण मी आयुष्यात कधी सावली रंगवली नव्हती. फोटो समोर ठेवून बसलो. जरा गडद रंग लावला की माझा जीव घाबरायचा, शेजारी उजेड द्यायचो. मग तो उजेड एकटा पडू नये म्हणून आणखी एक. शेवटी दादा पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखा दिसायला लागला. वहिनीने पाहिलं आणि हसू दाबलं.

"छान आहे हो. पण हे तुम्ही आहात. ते नाहीत."

मला राग आला, तिचा नव्हे, दादाचा. जायचं होतं तर निदान आपलं काम शिकवून जायचं! टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सगळं चित्र पुसून टाकलं आणि तणतणत कोपऱ्यातल्या त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्या खुर्चीत मी कधी बसत नसे. बसल्यावर दिसलं की खिडकीचा उजेड माझ्या गुडघ्यापर्यंतच येतोय, वर जेमतेम डाव्या गालाला लागतोय. हात, छाती, अर्धा चेहरा, सगळं अंधारात. म्हणजे इतकी वर्षं दादा मला असाच दिसत होता. उजेडातला दादा मी पाहिलाच कुठे होता? आणि मी मेला त्याला उजळत बसलो होतो.

फोटो उलटा करून ठेवला. तपकिरीत निळा मिसळून दादा करायचा तसा काळा रंग केला आणि कोपऱ्यातला दादा आठवून रंगवत गेलो. उजवी बाजू अंधारात सोडून दिली. डावा गाल उजळला, पण बडबडू दिला नाही. मान पूर्ण बुडवली. भीती वाटली, तरी शेजारी उजेड दिला नाही. संध्याकाळच्या आत काम संपलं तेव्हा ब्रश डब्यावर आपटला आणि तोंडून निघून गेलं, "माझं झालं. ये रे उजेड्या!"

कुणी उठलं नाही. उठणारा मीच होतो, आणि मी तर तिथेच बसलेलो. इतकं एकटं मला दादा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

वहिनी सुतळी हातात घेऊनच दारात आली. डब्याचा आवाज तिने ओळखला असणार.

"ठिपका राहिलाय," ती म्हणाली.

"तो उजेड्याचा."

"मग या की, भाऊजी."

मी उठलो आणि ठिपका ठेवला. वहिनीने अगदी दादासारखे डोळे किलकिले केले, बराच वेळ पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "हे ते," म्हणाली.

चित्र ओलं होतं, आणि तिची गाडी दुसऱ्या दिवशी. वाळलं की पाठवून देतो, असं मी कबूल केलं. आता चित्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलेलं असतं. काम करताना मी मध्येच मागे वळून विचारतो, गाल बडबडतोय का?

दर रविवारी वहिनीचा फोन येतो. फोन घ्यायच्या आधी मी चित्राच्या मानेखाली, सगळ्यात गडद जागी, बोट टेकवून बघतो. बोट कोरडंच निघतं. उन्हाळा लागल्यापासून कोरडंच निघतंय.

"वाळलं का हो?" ती विचारते.

"नाही गं वहिनी," मी सांगतो, "अजून ओलं आहे."