कारभारी वाबळेंची मंजुरी

देवश्री खिस्तीला कुणी विचारलं की तुम्ही नेमकं काय करता, तर ती म्हणायची, "कारखान्यांचे नकाशे काढते." ते अर्धंच खरं होतं. नगरला सावेडीतल्या घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या कारखान्याचा कारभार पडद्यावर मांडता यायचा. कोणतं काम कुठून सुरू होतं, कुणाकडे जातं, कुणाच्या मंजुरीवाचून अडतं, सगळं. एकेका कामाचा एकेक चौकोन, चौकोनांना जोडणारे बाण आणि प्रत्येक चौकोनामागे एक माणूस. चित्र काढायला फार अक्कल लागत नाही. खरी गोम असते ती कुणाला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं आणि कुणी कशाला मंजुरी द्यावी, हे ठरवण्यात. ते देवश्री करून द्यायची.

कोपरगावच्या पुढे इथेनॉलचा एक खाजगी कारखाना आहे, त्याचं काम तिच्याकडे आलं होतं. तिथले व्यवस्थापक नृसिंह कानडे मोठे गोड बोलणारे गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही, आणि नाही म्हणायचं असलं तरी "बघू, ताई" म्हणायचे. बाहेरची काही मंडळी पाहणीला येणार होती आणि त्यांच्यापुढे सगळा नकाशा हिरवा दिसायला हवा होता. चौकोनामागे माणूस नसला की तो चौकोन लाल व्हायचा आणि एक जरी लाल राहिला तरी सॉफ्टवेअर नकाशा जाहीर करू द्यायचं नाही. सगळे हिरवे झाले, एक तेवढा अडला. सुरक्षा अधिकारी.

"जुने अधिकारी सोडून गेलेत," कानडे फोनवर म्हणाले. "नवीन माणूस बघतोच आहोत. तोवर काहीतरी टाका ना तिथे."

काहीतरी टाकायला देवश्रीकडे होतं. नकाशा कुणाला कसा दिसतो हे तपासायला तिला एक खोटा माणूस लागायचा. बाकीचे त्याला 'टेस्ट वन' म्हणायचे. देवश्रीला तसलं नाव कोरडं वाटायचं, म्हणून तिनं कोपरगावला जाताना रस्त्यावरच्या एका पाटीवरचं आडनाव उचललं होतं आणि त्याला नाव दिलं होतं कारभारी. कारभारी वाबळे. फोटोच्या जागी नुसतं राखाडी डोकं. तिनं त्याला त्या चौकोनामागे उभं केलं. नकाशा हिरवा झाला.

"माणूस मिळाला की बदलून घ्या हं, सर," ती म्हणाली.

"बघू, ताई," कानडे म्हणाले.

पाहणी पार पडली, काम संपलं, आणि देवश्री एका दूध डेअरीच्या नकाशात बुडाली. गळीत हंगाम सुरू होऊन रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या होत्या, तेव्हा एक दिवस तिला फोन आला. टाक्यांवरचा मुकादम गोरक्षनाथ बोलत होता. नकाशा काढताना त्यानंच तिला मळीच्या टाक्या फिरून दाखवल्या होत्या.

"म्याडम, वाबळे सायबांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"कोण वाबळे?"

"आपले सेफ्टीचे. कारभारी वाबळे. टाकीत उतरायचं परमिट मोबाईलवर मागितलं की लगेच हिरवं येतंय. मानूस लई कामाचा, कधी अडवीत न्हाई. पन आमचं गॅस मोजायचं मशीन बिघडलंय, त्याचं त्यांना सांगावं म्हनलं. हापिसात इचारलं तर म्हनत्यात, सायेब फिरतीवर हायेत."

देवश्रीनं हातातलं काम थांबवलं. "गोरखभाऊ, त्यांना तुम्ही पाहिलंय कधी?"

"म्या न्हाई. गेटवरचा म्हनतो, त्यानं पाह्यलंय."

तिनं घाईनं लॅपटॉप उघडला. कारखान्याचा नकाशा उघडला, पण वरची बटणं गेलेली होती. तिचे सगळे अधिकार काढून तिला नुसतं बघता येईल असं केलं होतं. काम संपल्यावर असं करतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण बघता येत होतं तेवढंही पुरेसं होतं. तिनं कारभारी वाबळेला एका चौकोनामागे उभं केलं होतं. आता त्याच्याकडे चारी बाजूंनी बाण आले होते. मळीच्या टाक्या, बॉयलर, अग्निशमन, रात्रपाळीची वेल्डिंगची कामं. आणि प्रत्येक ठिकाणी मंजूर, मंजूर, मंजूर. नाकारल्याची एकही खूण नाही.

तिनं कानड्यांना फोन लावला.

"अहो ताई, सिस्टिमला नाव लागतं, एवढंच," ते म्हणाले. "हंगामात काम थांबवून कसं चालेल? कंट्रोल रूममधले आमचेच लोक बघून मंजुरी देतात, नाव फक्त त्यांचं असतं."

"सर, तो माणूसच नाहीये."

मग कानडे तितक्याच गोडीनं म्हणाले, "असं कसं? तुम्हीच तर आणलंत त्यांना."

देवश्रीनं पुण्याला आपल्या साहेबाला, अवधूतला, सांगितलं. तो म्हणाला, "नकाशा आता त्यांचा आहे. आपलं काम संपलं, तू त्यात पडू नकोस. पाहिजे तर एक मेल टाकून ठेव." तिनं कानड्यांना मेल टाकला. उत्तर आलं नाही. दोन दिवस तिचं डेअरीच्या कामात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी काढली आणि मनमाड रोड धरला.

राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर. खड्डे चुकवत, ट्रॉल्यांच्या मागे रखडत ती कारखान्यावर पोचली. हवेत आंबूस, गोडसर वास कोंदला होता. गेटवर तिनं नोंद केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाबळे साहेब आहेत का?"

"हायेत की. आत्ताच आत गेले," पहारेकरी म्हणाला.

तिला वाटलं, हा थट्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

कानड्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर तिशीचा एक तरुण बसला होता. कोऱ्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर फोटो होता, आणि फोटोखाली नाव होतं: कारभारी वाबळे, सुरक्षा अधिकारी.

"या या, ताई," कानडे दारात येऊन म्हणाले. "तुमचा मेल वाचला. हे घ्या तुमचे वाबळे. नाही नाही म्हणत होतात ना? अहो, या नावाची माणसं तालुक्यात हवी तेवढी सापडतील." ते हसले. "चहा घ्या दोघं. मी जरा मीटिंग उरकून येतो."

कँटीनमध्ये कारभारी तिच्यासमोर अवघडून बसला. परवापर्यंत तो भाजीचा टेम्पो चालवत होता. आयटीआय झालेला, पण नोकरी अशी कधी लागली नव्हती. कानड्यांच्या माणसानं गावात येऊन नाव विचारलं आणि ह्यालाच उचललं.

"मंजुरी कशी देता तुम्ही?" देवश्रीनं विचारलं.

"मोबाईलवर येतं. हिरवं बटन दाबायचं. कानडे सायेब म्हनले, थांबवायचं न्हाई, काम आडतं."

"आणि तुम्ही यायच्या आधीच्या मंजुऱ्या?"

तो जरा खुलला. "त्या बी माज्याच नावावर हायेत. सायेब म्हनले, बरंच हाय, अनुभव दिसतो. कागदावर मला आखाडापास्नं लावलंय."

देवश्रीनं कप खाली ठेवला. "कारभारी, नीट ऐका. तुमच्या नावाचा माणूस मी बनवला होता. खोटा. सॉफ्टवेअर तपासायला. तुम्ही यायच्या कितीतरी आधी."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हंजी म्या यायच्या आदी म्या हितं हुतो?"

"उद्या काही झालं, तर तुम्ही होतात असंच सगळे म्हणतील. तेवढ्यासाठीच आणलंय तुम्हाला."

त्याच्या हातातला मोबाईल थरथरला. पडद्यावर आलं होतं: मळीची टाकी, आत उतरून सफाई, मुकादम गोरक्षनाथ, मंजुरी हवी.

"नका दाबू," देवश्री म्हणाली. "त्यांचं गॅस मोजायचं मशीन बंद आहे. आत विषारी वायू असला तरी कळणार नाही."

कारभारीचा अंगठा काचेवर अधांतरी राहिला. "न्हाई दाबलं तर घरी जावं लागंल, ताई. आईला सांगून आलोय, सायेब झालो म्हनून." शेवटी त्यानं अंगठा मागे घेतला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. "न्हाई दाबत. म्या सोता जाऊन सांगतो त्यांना."

तो उठेपर्यंत पडदा हिरवा झाला. मंजूर. कारभारी वाबळे.

कारभारीनं आपला अंगठा पाहिला, जणू त्यानंच चोरून काही केलं असावं. "म्या हात बी लावला न्हाई," तो पुटपुटला.

आधी देवश्रीच्या ध्यानात आलं. तेच नाव, तोच पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे तरी होता. कुठल्या तरी खोलीत दुसरा एक कारभारी बसला होता, आणि तो कधी थांबत नव्हता. "पळा," ती म्हणाली.

टाक्या कारखान्याच्या पार मागच्या अंगाला होत्या. ते पोचले तेव्हा टाकीच्या तोंडाशी माणसं वाकून हाका मारत होती आणि आतून ओ येत नव्हती. मशीन बंद म्हणून गोरक्षनाथनं पोरांना उतरू दिलं नव्हतं, आधी स्वतःच उतरला होता. कमरेला दोर बांधला होता एवढंच नशीब. एकजण त्याच्या मागे उतरायला निघाला, त्याला कारभारीनं कॉलर धरून मागे खेचलं. "कुनी उतरायचं न्हाई! दोर वढा! सगळ्यांनी वढा!" त्या वेळी तो पहिल्यांदा आणि शेवटचं सुरक्षा अधिकाऱ्यासारखा बोलला.

गोरक्षनाथ वर आला तेव्हा त्याचं तोंड काळंनिळं पडलं होतं. श्वास होता, पण मोजून घ्यावा इतकाच. कारखान्याच्या गाडीतून त्याला कोपरगावला दवाखान्यात हलवलं.

दुपार कलायच्या आत पोलीस आले. कानड्यांनी मंजुरी दाखवली, नाव दाखवलं, आणि खेदानं मान हलवली. कारभारीला गाडीत बसवलं, त्याचा मोबाईल काढून घेतला. देवश्री आपल्या गाडीतून मागोमाग गेली. तिनं जबाब दिला, सगळं सांगितलं, नाव आपणच बनवलं हेही. फौजदारानं लिहून घेतलं, पण त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही. "मॅडम, माणूस समोर बसलाय. ओळखपत्र आहे, मंजुरीवर नाव आहे. खोटा कोण मग?"

दिवेलागणीला कारभारीची आई, बायडाबाई, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ठाण्यात आली. पोरगा बाकावर मान घालून बसला होता. ती थेट देवश्रीपाशी आली.

"बाई, पोरगं म्हनतंय, बटन त्यानं दाबलं न्हाई. दुसऱ्या कारभारीनं दाबलं. मंग त्या दुसऱ्याला का धरत न्हाईत? त्यो कुटं ऱ्हातो?"

तो दुसरा कसा असतो हे दाखवायला देवश्रीनं लॅपटॉप उघडला आणि नकाशा लावला. बघण्यापुरता तो अजून तिला उघडा होता. आणि बघता बघता, तिच्या डोळ्यांदेखत, एक चौकोन हिरवा झाला. बॉयलर, आत उतरून दुरुस्ती. मंजूर. कारभारी वाबळे. आत्ताच.

कंट्रोल रूममध्ये पाळी बदलली होती, आणि नव्या माणसाला कुणी थांब म्हणालं नव्हतं.

ती लॅपटॉप तसाच उचलून फौजदाराच्या टेबलापाशी गेली. "साहेब, ही वेळ बघा. आणि तो बघा, तुमच्या बाकावर बसलाय. मोबाईल तुमच्या कपाटात आहे. मग ही मंजुरी कुणी दिली?"

फौजदारानं पडदा पाहिला. बाकाकडे पाहिलं. पुन्हा पडदा पाहिला. त्याचा चेहरा बदलला.

"ते नंतर," देवश्री म्हणाली. "आधी तिथे फोन करा. आत्ता तिथे कुणीतरी आत उतरतंय."

फोन बराच वेळ वाजत राहिला. अखेर कुणीतरी उचलला. बॉयलरच्या तोंडाशी दोघं जण दिवा घेऊन उभे होते, एक पाय आत टाकलेला. त्यांना मागे बोलावलं.

कारभारीला त्यानंतर सोडलं, तो आता साक्षीदार आहे. कानड्यांवर गुन्हा दाखल झाला, जामीनही लगेच झाला. देवश्रीनं आपला जबाब मागे घ्यावा म्हणून अवधूतनं दोनदा सुचवून पाहिलं. तिनं नोकरी सोडली, जबाब तसाच ठेवला. गोरक्षनाथ वाचला. घरी आहे, पण बोलता बोलता शब्द हरवतो आणि माणसांची नावं त्याला आठवत नाहीत.

मागच्या आठवड्यात कारभारीचा फोन आला. त्यानं पुन्हा टेम्पो धरलाय. कोपरगावच्या बाजारात मेथीच्या जुड्या उतरवत होता, मागे गलका चालला होता.

"ताई, एका फ्याक्टरीतनं फोन आल्ता. सेफ्टीला या म्हनले. एवढ्या मंजुऱ्या, अन् एक बी नकार न्हाई, असाच मानूस आमाला पायजे म्हनले."

"मग?"

"न्हाई म्हनलो." त्यानं आवाज खाली आणला. "पन ताई, म्या कुटं अर्ज केला न्हाई. त्यांनी माजं नाव कुटून काढलं?"

देवश्रीला नकाशावरची ती मंजूर, मंजूर, मंजूरची रांग आठवली. पलीकडून कुणीतरी "ए कारभारी" म्हणून हाक मारली, आणि बराच वेळ त्यानं ओ दिली नाही.