पेटीतला पिवळा कागद

एकोणीसशे पंच्याण्णवचा मार्च. आमच्या गावानं देशाच्या दक्षिणेला होणाऱ्या गागाउझियाच्या नव्या स्वायत्त प्रदेशात जायचं की बाहेर राहायचं, एवढंच मतदानाच्या चिठ्ठीवर विचारलं होतं. याआधी आम्ही मतदानाला जायचो ते तिथं एरवी न मिळणारं सॉसेज विकायला ठेवत म्हणून. एकाच पक्षाचं राज्य, उमेदवारही एकच असायचा.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी छोटी पेटी घेऊन मी, शाळेतली बाई, घरोघरी फिरत होते. सोबत मतदान समितीचा झाहार तोपाल. त्याचा स्वायत्ततेला उघड विरोध. कुठं काही चुकतंय का, यावर तो टपलेलाच होता. त्यानं तक्रार केली, की सगळं मतदान रद्द.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या दोम्नाआजीनं पेटी उशाशी देवाच्या तसबिरींखाली ठेवायला लावली आणि मेणबत्ती पेटवली.

"आजी, ही मतपेटी आहे गं."

"ठाऊक आहे. चार राजवटी आल्या नि गेल्या, मला विचारायला कोण आलं होतं? आज आलेत, तर उजेड पण नको करू?"

झाहार अंगणात सिगरेट ओढत होता. आजीनं उशीखालून एक पिवळा कागद काढून पेटीत सरकवला, मग स्वतःची चिठ्ठी. तो कागद मी ओळखला. चर्चमध्ये पाद्र्यानं वाचावी म्हणून देतो ती, मेलेल्यांच्या नावांची यादी.

"हे काय केलंस?"

"शेहेचाळीसला भुकेनं गेले ते. त्यांना कोण विचारणार?"

पेटीला सील होतं. कागद बाहेर काढता येणार नव्हता, मी पेटी उचलून निघाले.

संध्याकाळी शाळेत मोजणी सुरू झाली, आणि तो कागद नेमका झाहारच्याच हाती लागला.

"ही कुणाची करामत?"

"दोम्नाआजीची. दुष्काळात गेलेल्यांची नावं आहेत," मी म्हणाले. "करायची तर करा तक्रार, काका."

तो वाचायला लागला, आधी मनात, मग मोठ्यानं. चौदा नावं, त्यातली सात एकाच घरातली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे उभे राहिले, टोप्या उतरल्या. एवढी माणसं त्या खोलीत मावली कशी, असं वाटलं.

झाहारनं पेन काढलं. आता तक्रार लिहिणार, असं मी धरूनच चालले. त्यानं यादीखाली लिहिलं, सोफी तोपाल.

"आई माझी," तो म्हणाला. "मी अकरा वर्षांचा होतो. चला, मोजा आता."

गाव गागाउझियात गेलं. झाहारचं मत विरोधातच पडलं होतं, हे त्यानंच सांगितलं. निकालाच्या कागदावर पहिली सही मात्र त्याची आहे.