तेल न प्यालेली रेघ

शुक्रवार होता, म्हणून मालिनीबाईंनी देवीला न्हाऊ घातलं.

देवी कुणाची, कुठली, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. सुनेच्या कामाच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं, टेबलावर पाठीशी मूल घेतलेली दगडी बाई बसली होती आणि तिचं अंग कोरडं, राखाडी पडलं होतं. वाईहून आलेल्या सासूबाईंना एवढं पुरे होतं. कोमट पाणी झालं, चोळून खोबरेल तेल लावून झालं, कपाळावर हळदकुंकू झालं. मग त्या समाधानाने चहा टाकायला गेल्या.

मीनल अंघोळ करून खोलीत आली आणि तिच्या पायांखालची जमीनच सरकली.

हॅम्बर्गच्या त्या फ्लॅटमध्ये बसून ती मोडक्या कलावस्तू दुरुस्त करायची. ही मूर्ती तिला बंदराजवळच्या एका गॅलरीने नुसती साफ करायला दिली होती. कॅनडाच्या उत्तर टोकाला बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या इनुइट लोकांपैकी एका शिकाऱ्याने ती कानशीने घासून घासून घडवली होती. बाईच्या अंगरख्याला पाठीमागे मोठी टोपी, टोपीत मूल, मुलाचं फक्त डोकं बाहेर. ते मूल म्हणजे शिकाऱ्याची मुलगी एलिसापी. आता ती स्वतः नावाजलेली मूर्तिकार होती, प्रदर्शनासाठी शहरात आली होती आणि वडिलांची मूर्ती बघायला थोड्याच वेळात घरी येणार होती.

तेलाची मीनलला भीती नव्हती. असल्या दगडाला शेवटी तेल नाही तर मेण लावतातच. तिला धडकी भरली ती मुलाच्या मानेकडे बघून. सगळा दगड तेल पिऊन काळाभोर झाला होता आणि मानेभोवती एक राखाडी रेघ तेवढी कोरडी राहिली होती.

मागच्या आठवड्यात मूर्ती तिच्याच हातून निसटली होती. टेबलाच्या कडेवर आपटून मुलाचं डोकं उडालं. तिने दगडाची पूड राळेत कालवली आणि डोकं इतकं बेमालूम बसवलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. या धंद्यात एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. कोरड्या दगडावर सांधा दिसायचा नाही. पण राळ तेल पीत नाही, आणि एवढ्या शिकलेल्या मुलीला हे कळायला सासूबाईंची पूजा व्हावी लागली.

मालिनीबाई चहा घेऊन आल्या. सुनेची नजर कुठे खिळली आहे ते त्यांनी पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"माझ्या हातून तडा गेला का गं?"

मीनलने नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं ते असं, "तुम्हाला या खोलीत यायला कुणी सांगितलं होतं, आई?"

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी सगळंच खोटं होतं. मालिनीबाई खुर्चीत बसून रडू लागल्या. जरा जोरातच चोळलं मी, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. रेघ दिसू नये म्हणून मीनल कापसाच्या बोळ्यांनी तेल काढत होती. दगड काही उजळेना, कुंकू खाचेत आणखीच पसरलं. सासूबाई काय, महिनाभरात वाईला परत जातील, त्यांचं काय बिघडणार आहे? हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

बेल वाजली.

एलिसापी ठेंगणी, रुंद हातांची बाई होती. न सांगता तिने बूट दारात काढले. मूर्ती मांडीवर घेऊन ती अंगठा फिरवत राहिली. डोकं, खांदा, टोपी. मानेपाशी अंगठा थांबला. नखाने तिने रेघ चाचपली आणि इंग्रजीत विचारलं की हे कसं झालं.

मीनलने तोंड उघडायच्या आत मालिनीबाई हात जोडून पुढे आल्या. "आय ब्रेक," त्या म्हणाल्या. "माय मिस्टेक. शी गुड गर्ल."

आता मीनलने नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने तेही केलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एलिसापीने मालिनीबाईंचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. दगड आहे, फुटतो, बाबाही फुटलेलं सांधायचे, असं काहीसं ती हळू आवाजात म्हणाली. माफी मिळाली होती, पण भलत्याच माणसाला. मीनलला ते बघवेना. तिने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं, आपण मूर्ती पाडल्याचं आणि ते लपवल्याचंही. मग ती सासूबाईंकडे वळली.

"आई, तुमच्याकडून काहीच झालं नाही. मी आधीच मोडलं होतं."

एलिसापीने मूर्ती अलगद टेबलावर ठेवली. मग, गॅलरीला तूच फोन कर, एवढंच तिने सांगितलं. मीनल हो म्हणाली. काम जाणार हे तिला दिसत होतं, तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. अगदी थोडा वेळ.

मालिनीबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे तुला मघापासून माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला रडू दिलंस."

आवाज चढला नव्हता. त्यांनी गार झालेले कप उचलले, एलिसापीला खुणेनेच चहाचं विचारलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मीनलला हवा का, हे त्यांनी विचारलं नाही.