तळघरातली चार झाडं

लूशा झायत्सॉफनं आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि मांस तर तिच्या आजीच्या वेळेपासून घरात आलेलं नव्हतं. आम्ही दुखोबोर पंथाचे लोक तसेच, रशियातून येताना जे नेम घेऊन आलो ते अजून सांभाळून आहोत. अशा बाईनं एकाहत्तराव्या वर्षी आपल्या तळघरात गांजा लावला, ही बातमी स्लोकन खोऱ्यात आम्हाला चांगली दोन आठवडे पुरली.

कारण होतं तिचे हात. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस-बत्तीस वर्षं मोठमोठी पातेली उचलून बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे झाले होते. नवरा इलाय होता तोवर बरण्यांची झाकणं तो उघडून द्यायचा. तो जाऊन दोन हिवाळे झाले होते. आता कधीकधी ती बंद बरणी हातात घेऊन खिडकीपाशी उभी राही, रस्त्यानं कुणी ओळखीचं जातंय का बघत. कुणी गेलंच तरी हाक मारायचा धीर व्हायचा नाही. बरणी परत फळीवर जायची.

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "गांजाचं तेल चोळून बघा ना. कायदा बदललाय आता. घरी चार झाडं लावता येतात, कुणी विचारायला येत नाही."

ऑक्टोबर लागला होता. बाहेर काही लावायचं तर थंडी, आणि थंडीतून वाचेल ते हरणं खाणार. गाव सोडून निघालेल्या एका बाईनं आपलं जुनं सामान काढलं होतं, ते लूशानं घेतलं. झाकणाच्या चार बादल्या, जाळीच्या कुंड्या, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, हवेचा एक पंप आणि वर टांगायचा लांबट दिवा. माती नाहीच. मुळं बादलीतल्या पाण्यात लोंबणार, पाण्यात औषधाच्या थेंबांसारखं खत घालायचं, आणि पंप चोवीस तास हवेचे बुडबुडे सोडत राहणार. जन्मभर बटाटे आणि कोबी पिकवलेल्या बाईला ही थट्टाच वाटली. पण सोबतचा कागद तिनं तीनदा वाचला आणि घर तापवायच्या भट्टीशेजारी, मुद्दाम उबेला, बादल्या मांडल्या.

बिया रुजल्या. पण झाडांच्या आधी तिला आवडला तो पंपाचा आवाज. वर स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी ती बुडबुड ऐकू यायची. खाली कुणीतरी आहे, आपापलं काम करतंय, असं वाटायचं. हळूहळू ती सकाळचा चहा घेऊन खालीच जाऊन बसायला लागली. झाडांशी रशियनमधून बोलायची, कारण घरात आता रशियन बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मुलगा लॅरी अल्बर्टात, तेलाच्या विहिरींवर. महिन्याकाठी एक फोन, त्यातही निम्मं बोलणं बर्फाचं.

रविवारी प्रार्थनाघरात जुन्या ओळखीच्या पॉलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं लूशा, आज अंगाला वास नाही येत? पीक बुडालं की काय?"

"तुझ्यासाठी राखून ठेवलंय," लूशा म्हणाली. बायका हसल्या, तीही हसली. पण नंतर जेवायला बसताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

पाचव्या आठवड्यात पानं पिवळी पडून माना टाकायला लागली. तिनं एक कुंडी उचलून पाहिली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास. चारही बादल्यांत तेच. कागदात याबद्दल काही नव्हतं.

आमच्या खोऱ्यात या विद्येतले जाणकार कमी नाहीत. पण सगळ्यांत मोठा जाणकार लूशाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे राहत होता. हार्वे टोर्सन. आणि त्याच्या अंगणात तिनं चोवीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

चोवीस वर्षांपूर्वी हार्वेच्या गोठ्याखाली एक खोली होती. तिच्यात दिवे, पाण्याच्या नळ्या, आणि दोनशे झाडं. तेव्हा त्यासाठी तुरुंग होता. लूशाचा लॅरी सतरा वर्षांचा होता, शाळा सुटली की तिथं कामाला जायचा आणि कधीकधी शाळा सुटायच्या आधीच. लूशानं त्याला समजावलं, रडली, काही उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या स्वयंपाकघरातून तिनं पोलिसांना फोन केला. नाव सांगितलं नाही. हार्वेला चौदा महिने झाले. त्याची बायको जोआन मुलीला घेऊन समुद्राकडे निघून गेली, ती परतली नाही. लॅरी तर पुढच्या वसंतात तसाही गेलाच. फोनचं लूशानं कुणालाही सांगितलं नाही. इलायलासुद्धा नाही.

म्हणून ती त्या सकाळी बोर्शचं, म्हणजे बिटाच्या सूपचं, पातेलं घेऊन हार्वेच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिला ते तिथंच टाकून पळून जावंसं वाटत होतं.

"हार्वे, माझी झाडं मरतायत."

"टोमॅटो? या दिवसांत?"

"टोमॅटो नाही."

आमच्या गावगप्पा हार्वेपर्यंत कधी पोचत नसत. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग असा हसला की हसता हसता खोकला लागला. "लूशा झायत्सॉफ! थांब, थांब, बूट घालू दे मला. हे मी बघितलंच पाहिजे."

तळघरात उतरून त्यानं पहिल्या बादलीत बोट बुडवलं. "भट्टीशेजारी ठेवलंस? अगं, हे पाणी आहे की सूप? मुळांना गारवा लागतो. आणि हे झाकण बघ. या फटीतून उजेड आत जातोय. पानांना उजेड, मुळांना काळोख. उजेड आणि ऊब दोन्ही दिलीस तर पाणी सडणार नाहीतर काय."

"कागदात नव्हतं."

"कागद लिहिणाऱ्याच्या तळघरात कधी भट्टी नसेल."

दोघांनी मिळून बादल्या पलीकडच्या गार कोपऱ्यात नेल्या, जिथं ती बटाटे ठेवायची. जखमा धुवायचं औषध पाण्यात घालून त्यानं मुळं एकेक करून धुतली, सडलेली कापली, झाकणांच्या फटी चंदेरी चिकटपट्टीनं बंद केल्या. जाताना म्हणाला, "जगतील की नाही सांगत नाही. मंगळवारी येतो बघायला."

मंगळवारी आला. मग शुक्रवारी. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी. जिना उतरता उतरताच विचारायचा, "काय म्हणतंय पाणी?" पाण्याचा आंबटपणा कळावा म्हणून ती नळीत पाणी घेऊन रंगाचे थेंब टाकायची, रंग उजेडात धरायची. हिरवट आलं की खूश, निळं आलं की हार्वे नाक मुरडायचा. दोन आठवड्यांत जुन्या काळ्या बुंध्यांतून नवी मुळं फुटली, पांढरीशुभ्र, विंचरलेल्या केसांसारखी. लूशा कुंडी हातात धरून बघतच राहिली.

चौथं झाड नर निघालं. "काढून टाक याला," हार्वे म्हणाला. "नाहीतर बाकी तिघींना बिया धरतील."

"केवढा झालाय रे. सगळ्यांत सरळ वाढलाय."

"दिसायला सरळच असतात. माझ्याकडे बघ."

ती मोठ्यानं हसली, आणि आपला आवाज ऐकून दचकली. मंगळवारी आता ती घरच्या शेवयांचं सूप करायची, शुक्रवारी कोबी भरलेले पाव भाजायची. बुधवार आणि गुरुवार लांबलचक वाटायला लागले होते. आधी ते बाकीच्या दिवसांसारखेच असायचे.

जानेवारीत एकदा, कळ्या धरलेल्या बघून हार्वे म्हणाला, "रॉस असता तर त्याला दाखवलं असतं. पाण्यातलं सगळं त्यानंच शिकवलं मला."

"रॉस कोण?"

"भाऊ माझा."

"वारला?"

"नाही. कॅमलूप्सला असतो." तो चिकटपट्टीची कड नखानं दाबत राहिला. "पोलिसांना त्यानंच फोन केला होता. त्या उन्हाळ्यात आमचं भांडण झालं होतं, ट्रकवरून. खोलीचं दार कुठं आहे ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? पोरांना मी कधी तोंड उघडू दिलं नव्हतं."

लॅरीनं तोंड उघडलं होतं. एकदाच, घरी, बढाई म्हणून.

"तो काय म्हणाला?" लूशानं विचारलं.

"मी नाही म्हणाला. शपथ घेतली. मी म्हटलं, खोटारडा. आई गेली तेव्हा तो चर्चच्या या बाजूला आणि मी त्या बाजूला. शवपेटीलासुद्धा एकत्र खांदा दिला नाही." त्यानं हात पुसले. "असो. भूक लागलीय."

त्या दिवशी लूशानं त्याला वाढलं, स्वतः जेवली नाही. तिला आजवर वाटत होतं, त्या फोननं जे व्हायचं ते तेव्हाच होऊन संपलं. हार्वेचा तुरुंग, जोआनचं जाणं, लॅरीचं जाणं, ही यादी तिला पाठ होती, आणि ती तेवढीच होती. रॉस तिच्यात नव्हता. कॅमलूप्सला एक म्हातारा तिच्या वाट्याची शिक्षा भोगत बसला होता, आणि तिला त्याचं नावही माहीत नव्हतं.

तरी ती तीन आठवडे बोलली नाही. पीक हाती येऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावत राहिली. खरं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. सांगितलं की मंगळवार संपले असते.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी हार्वेनं आधी तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला, मग आत येऊन जेवायला बसला. "पुढच्या खेपेला भिंग आणतो," म्हणाला. "कळ्या पिकल्यात का बघायला हव्यात. दहा दिवस, फार तर बारा."

"हार्वे, फोन मी केला होता."

"कुठला फोन?"

"पोलिसांना. तेव्हा. शाळेतून केला, जेवणाच्या सुट्टीत. लॅरीसाठी."

तो तोंडातला घास चावत राहिला, बराच वेळ, जणू तो गिळला की पुढचं काही करावं लागणार होतं. "रॉस नव्हता?"

"नव्हता."

"तू कुणाला बोलली होतीस?"

"नाही. कुणालाच."

"चोवीस वर्षं, लूशा."

"हो."

"मी त्याच्या तोंडावर थुंकलो होतो. माहितीय? खरोखरच थुंकलो." तो उठला. दारात बसून बूट घालायला लागला. नाडीची गाठ काही जमेना. लूशाला वाटलं खाली बसून बांधून द्यावी, पण तिच्या बोटांनाही गाठ आली नसती. शेवटी तो सुट्या नाड्यांनीच गेला. दार मात्र त्यानं आपटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ट्रक हमरस्त्याकडे वळला आणि मग त्या घराच्या धुराड्यातून धूर निघेनासा झाला.

पीक लूशानं एकटीनं काढलं. भिंग नव्हतं. कळ्यांवरचे पांढरे तंतू बहुतेक तपकिरी झाले की कापायचं, एवढं त्याच्या बोलण्यातून लक्षात राहिलं होतं. झाडं कापणं सोपं गेलं. पण प्रत्येक कळीभोवतीची बारीक पानं कात्रीनं छाटायची होती, आणि कात्री दहा मिनिटांच्या वर हातात टिकत नव्हती. ज्या कामाला दुसरं कुणी एक दुपार घेतं त्याला तिला सहा दिवस लागले. बोटं चिकट काळी झाली, घासूनही निघेनात. रेडिओ लावून ठेवला होता. पॉलीला बोलवावं असं एकदा मनात आलं, फोनपर्यंत गेलीही, आणि परत आली. फांद्या तिनं मागच्या न्हाणीघरात वाळत टांगल्या, मग मंद आचेवर तेल काढलं. उजव्या हाताला थोडा आराम पडला. डाव्याला काही फरक पडला नाही.

पंप तिनं बंद केला त्या दिवशी घर इतकं शांत झालं की तिनं लॅरीला फोन लावला. महिना भरायचा होता तरी लावला. फोनचं सगळं सांगून टाकलं. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"हार्वेनं मला काम दिलं नसतं ना आई, तर मी त्याच्याही आधी गेलो असतो," लॅरी म्हणाला. रागानं नाही, आठवून सांगावं तसं. मग म्हणाला, "इथं परत बर्फ पडायला लागलाय. तिकडं कसं आहे?"

"वितळतोय," लूशा म्हणाली.

एप्रिलमध्ये हार्वे आला तो ट्रकमागं सामानाची मोठी गाडी जोडूनच. दोन दिवस सामान भरत होता. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून तिच्या पायऱ्यांपाशी आला, वर चढला नाही.

"घर विकलं. रॉसकडे राहायला जातोय. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, करायला कुणी नाही."

"बरं झालं, हार्वे."

"बरं झालं म्हणू नकोस. तू नको म्हणूस." त्यानं टोपी काढली, परत घातली. "तुझ्यावरचा राग जाईल असं वाटत नाही मला. हे सांगायला आलो."

"बरोबर आहे."

"पण तू गप्प बसली असतीस तर मला कधी कळलं नसतं. तेही मी विसरत नाही." तो वळला आणि गेला. घर ज्यांनी घेतलं ते व्हॅन्कूव्हरचे, फक्त जुलै-ऑगस्टपुरते येणारे.

मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला. अनोळखी, घोगरा आवाज.

"लूशा झायत्सॉफ? मी रॉस टोर्सन."

ती खुर्चीवर बसली. "बोला."

"काही बोलायचं नाहीये. आवाज ऐकायचा होता. इतकी वर्षं मी विचार करत होतो, कोण असेल. का कोण जाणे, पुरुष वाटायचा मला. तरुण, मिशीवाला. काय करत होतात तुम्ही तेव्हा?"

"शाळेत स्वयंपाकीण होते."

"हं." पलीकडे खुर्ची करकरली. "हार्वे घोरतो, माहितीय तुम्हाला?"

"नाही."

"भिंत हलते. सकाळी विचारलं तर म्हणतो, मी नाही." हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. "ठेवतो. बाजारातून येईल तो इतक्यात. फोन केला होता हे त्याला सांगायचं नाहीये मला."

"रॉस, मी—"

पण त्यानं ठेवला होता. लूशा रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिली, आतून टू टू ऐकू येईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग उठून तिनं सूप गरम केलं आणि एकटीचं ताट वाढून घेतलं.